वर्षअखेरीचें शालेय निवेदन

मे महिन्याची पहिली तारीख महाराष्ट्रांत दुहेरी महत्त्वाची असते. १९६० सालीं ह्याच दिवशीं राज्याची स्थापना झाली, म्हणून सकाळीं शाळेच्या आवारांत झेंडावंदन होतें. आणि झेंडावंदन आटोपलें कीं बहुतेक प्राथमिक शाळांतून वर्षाचा निकाल सांगितला जातो. मुलें प्रगतिपुस्तक हातांत घेऊन धांवत घरीं जातात. घरीं कोणी असल्यास एकच प्रश्न विचारला जातो, "पास झालास का?" मूल "हो" म्हणतें, प्रगतिपुस्तक फळीवर ठेवलें जातें, आणि जूनच्या मध्यापर्यंत त्याच्याकडे कोणी फिरून पाहत नाहीं. दहा महिन्यांच्या श्रमांचा हिशेब असा एका शब्दांत मिटतो.

ह्या हिशेबाचें खरें स्वरूप काय असावें, वर्ष संपतांना शाळेच्या मुख्याध्यापकांनीं पालकांस नेमकें काय कळवावें, आणि पालकांनीं त्यांतून काय वाचून घ्यावें, हा विषय दिसतो तितका किरकोळ नाहीं. सहावी ते आठवी ह्या वर्गांच्या बाबतींत तर तो एखाद्या मुलाच्या, आणि विशेषतः मुलीच्या, पुढील आयुष्यास वळण लावणारा ठरतो.

उदाहरणादाखल पैठण तालुक्यांतील चितेगांव घ्यावें. छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या सडकेवर हें गांव वसलें आहे. ही दिशा म्हणजे जुनी वारीची दिशा; फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथषष्ठीच्या यात्रेसाठीं, टाळमृदंगांच्या घोषांत दिंड्या एकनाथमहाराजांच्या पैठणास जातात. परंतु गेल्या कांहीं दशकांत ह्याच सडकेच्या कडेनें कारखान्यांच्या भिंती उठल्या. घरगुती विजेचीं उपकरणें बनविणाऱ्या व्हिडिओकॉन कंपनीच्या कारखान्यामुळें चितेगांवचें नांव दूरवर गेलें. पुढें २०१८ सालीं त्या कंपनीवर दिवाळखोरीच्या कायद्याखालीं कारवाई सुरू झाली. कारखान्यावर पोट असणाऱ्या घरांचें बिऱ्हाड कसें एका दमांत बसतें आणि एका दमांत उठतें, हें अशा गांवांस निराळें सांगावयास नको.

अशा गांवच्या शाळेंत एकाच बांकावर चार तऱ्हांच्या घरांचीं मुलें बसतात. एकाचा बाप कपाशीचा शेतकरी असतो. दुसऱ्याचा कारखान्यांत पाळीवर जातो. आठवडाभर रात्रपाळी असली तर बापलेकांची गांठहि पडत नाहीं. तिसरें मूल भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या परप्रांतीय कुटुंबाचें असतें. त्याच्या आईस मराठी कळतें, पण वाचतां येत नाहीं. चौथ्याचे आईबाप कोयत्याची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मराठवाड्यांतील, विशेषतः बीड व त्याच्या लगतच्या भागांतील, कित्येक कुटुंबांचा हा दरसालचा रिवाज आहे. वर्षअखेरीस ह्या चारी घरांत शाळेचा एकच कागद जातो. तो चारी घरांत सारखाच समजेल असें मानणें हें स्वतःची समजूत घालण्यासारखें आहे.

शाळेनें गांवास आपला हिशेब द्यावा, ही कल्पना महाराष्ट्रांत आजची नव्हे. १८५२ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या मुलींच्या शाळेची जाहीर परीक्षा झाली. मुलींस लोकांसमोर वाचावयास सांगावें, प्रश्न विचारावे, आणि लोकांनीं आपल्या कानांनीं उत्तरें ऐकावीं, अशी ती पद्धत होती. मुलींस विद्या येणार नाहीं असें म्हणणाऱ्या समाजापुढें ह्याहून चोख हिशेब दुसरा कोणता असणार? त्या परीक्षेंत मुलींच्या गुणांइतकेंच शाळेच्या कामाचेंहि माप लोकांपुढें येत होतें.

पुढें मुंबई इलाख्यांत ह्या हिशेबाचें रूप पालटलें. निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत आली. वर्षांतून एकदां डेपुटी येत, मुलांची परीक्षा घेत, आणि जितकीं मुलें उतरत त्या मानानें शाळेस पैसा मिळे. हिशेब आतां गांवास नव्हे, तर सरकारास देणें आलें. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें केलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं ह्या पद्धतीवर नेमकें बोट ठेविलें. ज्या समाजास शिक्षणाचा लाभ अद्याप कळलेला नाहीं, त्यांत शिक्षणाचा प्रसार करण्यास ही पद्धत निरुपयोगी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ती पद्धत गेली. परंतु निकाल म्हणजे वरिष्ठांस दाखवावयाची वस्तु, ही मनोवृत्ति पुष्कळ काळ मागें रेंगाळली.

मराठवाड्याची कथा आणखी निराळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथें प्राथमिक शाळेस तहतानिया, मिडल शाळेस वस्तानिया आणि हायस्कुलास फौकानिया अशीं नांवें होतीं, आणि वरच्या शिक्षणाची व कारभाराची भाषा उर्दू होती. ज्या घरांत मराठी बोलली जाई त्या घरांत उर्दूंतला कागद आला, तर तो वाचून घेण्यासाठीं दुसऱ्याच्या ओसरीवर जावें लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, शाळा मराठी झाली. पण न कळणारा कागद घरीं येण्याचा अनुभव मात्र पुरता सरला नाहीं. पूर्वीं लिपि परकी होती. आतां शब्द मराठी असूनहि परके वाटतात. "आकारिक", "संकलित", "सर्वंकष" हे शब्द ऐकून किती मातांस बोध होत असेल?

कायद्यानें मात्र पालकाचा हक्क स्पष्ट केला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालीं संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या २४ व्या कलमांत शिक्षकांचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांत पालकांशीं नियमितपणें सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्यानें केलेली प्रगति आणि त्याच्यासंबंधींची इतर उपयुक्त माहिती त्यांस कळविणें, हें एक कर्तव्य आहे. म्हणजे हें कळविणें ही मुख्याध्यापकांची मेहेरबानी नव्हे आणि पालकांनीं तें विचारणें हा आगाऊपणा नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ह्यापुढें पाऊल टाकून, शिक्षकांच्या मताबरोबर मुलाचें स्वतःचें व त्याच्या सोबत्यांचें मतहि ज्यांत येईल असें समग्र प्रगतिपत्रक सुचविलें आहे आणि तें घर व शाळा ह्यांना जोडणारा दुवा व्हावें अशी अपेक्षा धरली आहे.

आतां वर्षअखेरीच्या निवेदनाचीं अंगें एकेक करून पाहूं.

पहिलें अंग हजेरीचें. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं वर्षास किमान २२० दिवस व १,००० तास अध्यापन झालें पाहिजे, असें कायद्याच्या परिशिष्टांत सांगितलें आहे. "आपला मुलगा वर्षांत ४४ दिवस गैरहजर होता" असें लिहिलें तर बापास तें फारसें बोंचत नाहीं. चव्वेचाळीस दिवस म्हणजे महिना-दीड महिना, असें त्यास वाटतें. पण तेंच निराळ्या शब्दांत मांडावें. २२० दिवसांतले ४४ म्हणजे बरोबर पांचवा हिस्सा. पांच धडे शिकविले गेले असतील तर त्यांतला एक त्यानें ऐकलाच नाहीं. हजार तासांपैकीं दोनशें तास त्याच्या वांट्यास आलेच नाहींत. शेतकऱ्यास पांचव्या हिश्शाची भाषा पुरती कळते. पांच तासांतला एक तास बी न पेरतां सोडला तर खळ्यावर काय येईल, हें त्यास कोणी सांगावें लागत नाहीं.

हजेरीच्या आंकड्याबरोबर गैरहजेरीचा काळहि सांगितला पाहिजे. यात्रेचे आठ दिवस, वेंचणीचा पंधरवडा, आणि उसाच्या फडावर गेलेले चार महिने हे सारे सारखे नव्हत. आईबाप फडावर गेले तरी मूल गांवीं राहून शिकूं शकावें म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आणि मूल सोबत गेलेंच तर जेथें जाईल तेथील शाळेंत त्यास बसतां यावें म्हणून शिक्षण हमी पत्रक दिलें जातें. ह्या दोन्ही गोष्टी पालकांस दिवाळीच्या आधीं ठाऊक असाव्या लागतात. वर्षअखेरीच्या पत्रांत त्या लिहून ठेवल्या तर पुढच्या हंगामाची उचल घेतांना आईबापांस मुलाचाहि विचार करतां येतो.

दुसरें अंग अभ्यासाचें. येथें श्रेण्यांचें कोडें आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयानें महाराष्ट्रांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें. ह्यांतील आकारिक म्हणजे वर्षभर वर्गांत शिकतां शिकतां होणारी पारख. तोंडी प्रश्न, प्रयोग, उपक्रम, गृहपाठ हीं तिचीं साधनें. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटीं होणारी परीक्षा. सहावींत ह्या दोहोंचा भार निम्मानिम्म ठेवला; सातवीस व आठवीस आकारिकास ४० व संकलितास ६० असा धरला. आलेल्या गुणांच्या श्रेण्या करण्यांत आल्या. ९१ व त्यावरील गुणांस "अ-१", ८१ ते ९० पर्यंत "अ-२", अशा उतरत्या क्रमानें "ब", "क" होत होत ३३ ते ४० गुणांस "ड" आणि त्याखालीं "इ". 

मुलांवरील गुणांचें दडपण कमी व्हावें हा ह्यामागील हेतु स्तुत्य होता. परंतु घरीं मात्र "ड" हें अक्षर पाहून कोणास कांहींच उमगत नाहीं. अक्षर सांगतें तें मुलाचें स्थान. त्याची अडचण कोठें आहे तें अक्षर सांगत नाहीं. आठवींतील एका मुलीच्या गणिताविषयीं पत्रांत केवळ "ड" लिहिण्याऐवजीं असें लिहितां येईल: "शेकडेवारीचीं उदाहरणें ती बरोबर सोडविते. समीकरणांत एक पद दुसऱ्या बाजूस नेलें म्हणजे चिन्ह बदलावयाचें असतें, तें ती विसरते. त्यामुळें उत्तर चुकतें. ही एक चूक सुधारली तर तिचें निम्में ओझें उतरेल. सुट्टींत रोज पांच समीकरणें सोडवून पडताळा पाहावा." अशीं चार वाक्यें लिहिण्यास शिक्षकांस श्रम पडतात खरे; पण बापास स्वतःस समीकरण येत नसलें तरी "पांच समीकरणें झालीं का?" एवढें तो रोज विचारूं शकतो. पत्राचें सार्थक तेवढ्यांत आहे.

तिसरें अंग पांचवी व आठवीपुरतें, परंतु सर्वांत निकडीचें. मूळ कायद्यांत आठवीपर्यंत कोणाहि मुलास मागें ठेवावयाचें नाहीं, असा दंडक होता. त्याचा अर्थ परीक्षाच नाहीं असा मुळींच नव्हता. तरी पुष्कळ घरीं तो तसाच घेतला गेला. २०१९ सालीं संसदेनें कायदा दुरुस्त करून पांचवी व आठवीची वार्षिक परीक्षा घेण्याचा व अनुत्तीर्ण मुलांस त्याच वर्गांत ठेवण्याचा अधिकार राज्यांस दिला. महाराष्ट्रानें २०२३ सालीं आपले नियम बदलले व २०२३-२४ ह्या शैक्षणिक वर्षापासून ही परीक्षा सुरू झाली. प्रत्येक विषयांत ३५ टक्के गुण आवश्यक ठरले. जो मुलगा कमी पडेल त्यास जादा मार्गदर्शन द्यावयाचें आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आंत पुनर्परीक्षेची संधि द्यावयाची. पुनर्परीक्षेंतहि तो उतरला नाहीं तरच त्यास त्या वर्गांत ठेवतां येतें. शाळेंतून काढतां मात्र येत नाहीं.

येथें पालकांच्या समजुतींत दोन मोठ्या चुका आढळतात. "आठवीपर्यंत ढकलतातच" ही एक, आणि "नापास झाला म्हणजे शाळा संपली" ही दुसरी. पहिलीमुळें घर बेफिकीर राहतें. दुसरीमुळें घर हताश होतें. मे महिन्यांत पत्र पोहोंचलें नाहीं, किंवा पोहोंचून कळलें नाहीं, तर पुनर्परीक्षेचा दिवस येतो आणि मूल मामाच्या गांवीं असतें. संधि कायद्यानें दिलेली असते. ती हुकते ती निरोपावांचून. म्हणून ज्या मुलांस पुनर्परीक्षा द्यावयाची आहे त्यांच्या घरचें पत्र इतरांच्या पत्रांत मिसळूं नये. त्यांत विषय, तारीख, वेळ आणि जादा तासांचें वेळापत्रक ठळक लिहावें, आणि शिक्षकांनीं शक्य तर तें स्वतः घरीं नेऊन द्यावें. मूल शाळेंतच राहणार आहे हा धीरहि त्याच भेटींत द्यावा.

चौथें अंग शाळेच्या स्वतःच्या हिशेबाचें, आणि तेंच बहुधा गाळलें जातें. वर्षभर मुलानें काय केलें हें शाळा सांगते. शाळेनें मुलासाठीं काय केलें हें मात्र सांगत नाहीं. वस्तुतः कायद्यानें शाळेचीहि परीक्षा ठरवून दिली आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांस ३५ मुलांमागें एक शिक्षक हवा. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रें आणि भाषा ह्या प्रत्येकासाठीं निदान एक शिक्षक हवा. मुलामुलींसाठीं स्वतंत्र स्वच्छतागृहें, पिण्याचें पाणी, खेळाचें मैदान व ग्रंथालय हवें. सहावीपुढील मुलास दुपारच्या पोषण आहारांत १५० ग्रॅम धान्याचें प्रमाण ठरलेलें आहे. ह्यांतील काय झालें व काय राहिलें, हें पत्रांत प्रांजळपणें लिहिलें पाहिजे.

समजा एखाद्या शाळेंत गणिताच्या शिक्षकाची जागा सहा महिने रिकामी राहिली. मुलांस गणितांत गुण कमी पडले. पत्रांत केवळ गुण आले तर घरीं पोराच्या पाठींत धपाटा बसतो. पत्रांत रिकाम्या जागेची हकीकतहि आली तर पालक शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेंत उभा राहून विचारतो, "जागा कधीं भरणार?" पहिल्या वाटेनें मूल रडतें, दुसऱ्या वाटेनें जागा भरण्याची कांहीं तरी हालचाल होते. ही समिति नांवापुरती नव्हे. तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असा नियम आहे. शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणें हें तिचें काम. परंतु ज्यांच्यापुढें उणीव मांडलीच नाहीं त्यांनीं आराखडा कशाचा करावा? आपली उणीव लिहितांना मुख्याध्यापकांस संकोच वाटणें साहजिक आहे. तथापि ज्या घरानें वर्षभर आपलें मूल शाळेच्या हवालीं केलें, त्या घरास खरें सांगितल्यानें शाळेची पत कमी होत नाहीं, वाढते.

पांचवें अंग पुढच्या वाटेचें. सहावी-सातवीच्या मुलांसाठीं हें सोपें आहे: शाळा कोणत्या तारखेस उघडणार, पाठ्यपुस्तकें केव्हां मिळणार, गणवेश कोणास मिळणार. गांव सोडून जाणाऱ्या घरासाठीं एक वाक्य अधिक हवें. दुसऱ्या शाळेंत जाण्याचा हक्क मुलास आहे, मुख्याध्यापकांनीं दाखला ताबडतोब दिला पाहिजे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारतां येत नाहीं. ज्या वस्तींत बिऱ्हाडें कामामागें हिंडतात तेथें ह्या एका वाक्यानें एखाद्या मुलाचें वर्ष वांचतें.

परंतु आठवीच्या मुलींसाठीं ह्या भागाचें मोल सांगतां येणार नाहीं. शिक्षणाच्या हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. गांवची शाळा आठवीस संपत असेल तर मे महिन्यांत मुलीपुढें एक पोकळी उभी राहते. नववी कोठें, शाळा किती लांब, तेथें जावयास बस आहे काय, शुल्क किती, ह्यांचीं उत्तरें घरांत कोणास ठाऊक नसतात. मे महिना लग्नसराईचा. चौदा वर्षांची मुलगी घरीं बसलेली, बापाचें काम अस्थिर, आणि कोणी तरी स्थळ सुचवितें. मुलीचें लग्न अठरा वर्षांच्या आंत करणें हा कायद्यानें गुन्हा आहे; पण नुसत्या धाकानें हें थांबत नाहीं. मुलीस जावयास दुसरी जागा आहे हें घरास त्याच आठवड्यांत कळावें लागतें.

म्हणून आठवीच्या प्रत्येक मुलीच्या पत्रांत जवळच्या माध्यमिक शाळेचें नांव, प्रवेशाची मुदत, लागणारे कागद आणि जाण्यायेण्याची सोय एवढें लिहिलेंच पाहिजे. महाराष्ट्रांत शासकीय व अनुदानित शाळांतून मुलींस बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ आहे, हेंहि लिहावें, कारण "पैसा कोठून आणावा?" हें शाळा सोडविण्याचें पहिलें कारण म्हणून पुढें येतें. दाखला मुलीच्या हातीं देऊन शाळेनें मोकळें होऊं नये. जूनअखेर ती नववींत बसली कीं नाहीं ह्याची चौकशी करावी. तेव्हांच शाळेच्या आठ वर्षांचा हिशेब पुरा झाला असें म्हणतां येईल.

पत्रांत काय असावें हें झालें. आतां तें पोहोंचावें कसें? मोबाइलच्या गटावर एक संदेश टाकला म्हणजे काम झालें असें आज वाटूं लागलें आहे. ही सोय मोठी आहे ह्यांत शंका नाहीं. उसाच्या फडावरच्या बापासहि तो संदेश मिळतो. पण घरांत फोन एकच असतो व तो बापाबरोबर पाळीवर जातो. आई, जी मुलाकडे दिवसभर पाहते, तिला कांहींच कळत नाहीं. शिवाय एका मुलाचे गुण साऱ्या गटास दिसावे हें शोभत नाहीं. गुणांची गोष्ट त्या त्या घराचीच आहे, ती गुप्त राहिली पाहिजे. शाळेचा हिशेब मात्र चव्हाट्यावर मांडावयाचा असतो. ही सीमा मुख्याध्यापकांनीं कधीं ओलांडूं नये.

ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं पत्र मोठ्यानें वाचून दाखविणें हाच उपाय. पालकसभा बहुधा सकाळीं अकरा वाजतां भरते. त्या वेळीं शेतकरी शेतांत असतो, पहिल्या पाळीचा कामगार यंत्रावर असतो आणि रात्रपाळीचा निजलेला असतो. सभेस पालक येत नाहींत ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. सभेची वेळ कोणाच्या सोयीनें ठरली, हा प्रश्न मात्र क्वचित् विचारला जातो. तीच सभा एकदां सायंकाळीं व एकदां सुट्टीच्या दिवशीं घ्यावी, हिंदी बोलणाऱ्या मातांसाठीं चार वाक्यें हिंदींतहि सांगावीं, आणि "संपादणूक पातळी" न म्हणतां "काय येतें आणि काय येत नाहीं" असें म्हणावें. भाषा सोपी केल्यानें मुख्याध्यापकांचा मान उणा होत नाहीं. ज्या पैठणांत एकनाथांनीं गूढ तत्त्वज्ञान भारुडांतून बाजारांतल्या माणसास सांगितलें, त्या पैठणच्या तालुक्यांत तरी हें निराळें पटवून द्यावयास नको.

शेवटीं, हें पत्र एकतर्फी असूं नये. प्रत्येक प्रगतिपुस्तकांत पालकाच्या सहीची जागा असते. सही म्हणजे "पाहिलें" एवढीच पोंच. त्या जागेखालीं चार ओळी कोऱ्या सोडाव्या आणि पालकास विचारावें: मूल घरीं कोणतें काम आपण होऊन करतें? त्यास कशाची भीति वाटते? पुढच्या वर्षीं कुटुंब किती महिने गांवीं असणार? ज्यास लिहितां येत नाहीं त्याचें उत्तर मुलानें लिहावें व बापानें अंगठा करावा. घरीं बकऱ्यांचा हिशेब तोंडीं ठेवणारी मुलगी वर्गांत गणिताला कां भिते, हें शिक्षकांस त्या चार ओळींवरून कदाचित् प्रथमच उमजेल.

पालकांनींहि आपली बाजू सांभाळावी. "पास झालास का?" हा प्रश्न टाकून देऊं नये, त्याच्या मागोमाग आणखी तीन प्रश्न विचारावे. वर्षांत किती दिवस शाळेंत गेलास? कोणती एक गोष्ट अजून येत नाहीं? आणि जूनमध्यें कोठें जावयाचें आहे? पहिल्याचें उत्तर हजेरीपटावर असतें, दुसऱ्याचें शिक्षकांजवळ, आणि तिसऱ्याचें घर व शाळा मिळून शोधावयाचें असतें. हीं तीन उत्तरें ज्या घरांत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत मिळालीं, त्या घरांतलें मूल जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजेल तेव्हां दाराशीं उभें असण्याची आशा अधिक. प्रगतिपुस्तक फळीवर ठेवण्यापूर्वीं एवढें विचारून घेण्यास कोणत्याहि घरास वेळ काढतां येईल.